कृपया आमच्या वेबसाइटवर येऊ नये

बायकोच्या माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे कधी काही लिहीत नाही. गेल्या श्रावणात मात्र एका रविवारी सकाळी मी तिथे लिहिलं: 'सर्वांना नम्र विनंती. कृपया आमच्या वेबसाइटवर येऊ नये. आल्यास आकडे बिघडतात.' आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा बायको फोन हातात धरून न्हाणीच्या दारातच उभी होती.

"अहो, हे काय लिहिलंत?"

"विनंती. नम्र असंही लिहिलंय."

"बेळगावची माणसं आहेत ती. येऊ नका असं त्यांना आजवर कोणी तोंडानंही सांगितलेलं नाही. तुम्ही लेखी दिलंत."

हे लेखी का द्यावं लागलं, ते सांगायला हवं.

माझी बायको रुखवत करते. सुपाऱ्यांचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन, नऊवारी नेसलेले नारळ, खोबऱ्यात कोरलेली पालखी. बेंगळुरूत आल्यापासून दोन्हीकडच्या नात्यात जेवढी लग्नं झाली, त्यातल्या बहुतेक मुलीकडच्यांचं रुखवत जे. पी. नगरातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीतून गेलं. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला रीतसर नाव दिलं आणि आमच्या मुलीनं वेबसाइट करून दिली. पण गिऱ्हाइकं सगळी नात्यातलीच राहिली. नात्यातल्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य 'घरचंच आहे' हे असतं आणि शेवटी हातावर साडी ठेवली जाते. बायकोची मोठी बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, दर फोनला एकदा तरी म्हणायची, "छंद चांगला आहे ग तुझा. मन रमतं." हा छंद शब्द ऐकला की बायको फोन ठेवल्यावर बराच वेळ कात्रीला धार लावत बसायची.

त्यातच घराजवळच्या एका शाळेनं तिला कार्यालयात नोकरी देऊ केली. जानेवारीत रुजू व्हायचं, डिसेंबर संपायच्या आत कळवायचं. ती मला म्हणाली, "मला एक तरी असं गिऱ्हाईक हवं, ज्याला मी कोणाची कोण हे माहीत नाही. त्यानं नुसतं काम बघून दिलं तर हे पुढे चालवीन. नाहीतर शाळेत जाईन. तिथे निदान रविवार मिळतो."

मी कारखान्यात मापं तपासतो. म्हणजे माल नव्हे, माल ज्यांनी मोजतात ती साधनं. ती खरं मोजतात की नाही, एवढंच बघायचं. त्यामुळे मुलीनं एका संध्याकाळी लॅपटॉपवर तो अहवाल उघडला तेव्हा मी खुर्ची जी पुढे ओढली ती पुन्हा मागे घेतलीच नाही. मुलगी इंदिरानगरात एका ऑफिसात काम करते. लोकांनी काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाची वेबसाइट वर कशी दिसेल, हे बघणं तिचं कामच. तिनं समजावलं ते असं. लोकांनी सर्च इंजिनात कोणते शब्द टाकले, त्यावर आमचं पान किती वेळा दिसलं, त्यातल्या कितींनी ते उघडलं आणि यादीत ते कितव्या नंबरावर होतं. चार रकाने. एवढं स्वच्छ कोष्टक मी आमच्या सरकारी कारखान्यातही पाहिलं नव्हतं. मला प्रेमात पडल्यासारखं झालं.

आणि आठवडाभरात आलेख उभा राहिला. 'रुखवत बेंगळुरू' या शब्दांवर उघडणाऱ्यांची रेघ सरळ वर. मी खाली जाऊन म्हैसूरपाक आणला. तो संपायच्या आतच उलगडा झाला. अक्कांनी बेळगावात फर्मान काढलं होतं. सगळ्यांनी सकाळी हे दोन शब्द टाकायचे, खाली खाली जात आपली साइट गाठायची आणि उघडायची. लग्नामुंजीला हजेरी लावावी तशी सगळं खानदान रोज आमच्याकडे हजेरी लावत होतं. मायेनं करत होते, पण तराजूच्या पारड्यावर पंधरा अंगठे ठेवल्यावर मी वजन काय वाचणार? म्हणून ती विनंती.

दुपारी अक्कांचा फोन आला. बायकोनं तो माझ्या हातात दिला.

"जावईबापू, आम्ही रोज पूजा आटोपली की तुमची साइट उघडतो. चौथ्या पानापर्यंत खाली जावं लागतं. डोळे दुखतात. आणि तुम्ही म्हणता येऊ नका."

"अक्का, तुम्ही आलात की मशीनला वाटतं गिऱ्हाईक आलं."

"वाटू दे की. तुमचं काय जातं?"

"खरं काय ते कळत नाही."

"खरं कळलं म्हणून आजवर कोणाचं भलं झालंय? बरं, गणपतीला मी घरी येणार होते. ते तरी चालेल का?"

"घरी जरूर या. वेबसाइटवर येऊ नका."

"मग घरी आल्यावर तुमचं वायफाय वापरायचं की नाही, तेवढं आधी सांगून ठेवा. माझ्यामुळे काही बिघडायला नको."

मी माफी मागितली, पण विनंती मागे घेतली नाही. बेळगावकर मानी माणसं. दुसऱ्या दिवसापासून एकही आलं नाही. रेघ खाली आली आणि जमिनीला टेकून पडून राहिली. बायकोचा चेहराही तसाच पडला. मला मात्र मनातून आनंद झाला होता आणि तो लपवणं जड जात होतं. कुठलंही साधन तपासताना आधी त्याचं खरं शून्य सापडावं लागतं. आमचं शून्य सापडलं होतं.

आणि पाणी ओसरल्यावर तळातले दगड दिसावेत तशा काही ओळी दिसू लागल्या. आमचं पान कुठेतरी पन्नासाव्या, साठाव्या नंबरावर दिसलं होतं, उघडलं कोणीच नव्हतं, पण शब्द नात्यातल्या कोणाचे नव्हते. बरेचसे इंग्रजीत, काही कानडीत. बायको भेंडी पुसत होती आणि मी तिला त्यांचा अर्थ मराठीत वाचून दाखवत होतो. मराठी लग्नात मुलीकडच्यांनी टेबलावर काय मांडायचं. रुखवत म्हणजे काय. रुखवत केलं नाही तर चालतं का. रुखवत नसेल तर मराठी सासू रागावते का.

"असल्या चौकशा आपल्या कामाच्या नाहीत," मी म्हणालो. "ह्या ओळी अहवालातून गाळल्या तर कोष्टक स्वच्छ राहील."

"बाबा, हात लावू नका," मुलगी म्हणाली.

बायकोच्या हातातली भेंडी तशीच राहिली होती. "शेवटचं परत वाचा."

मी वाचलं.

"ह्या सगळ्या विहिणी आहेत," ती म्हणाली.

"कुठल्या विहिणी?"

"अहो, मुलींच्या आया. कानडी असतील, तमिळ असतील. मुलीनं ऑफिसातला मराठी मुलगा पसंत केला, सगळं ठरलं, आणि मग त्याच्या आईनं सहज विचारलं की रुखवत करताय ना. ही बिचारी हो म्हणून बसली. आता विचारणार कोणाला? मराठी बाई कशाला मशीनला विचारील? ती आईला फोन लावते."

मग मुलीनं आमचं पान उघडलं. त्याचं पहिलं वाक्य मी लिहिलेलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता: 'रुखवताची थोर परंपरा आपणांस ठाऊक आहेच.' मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. ज्यांना ठाऊक होतं ते शोधत नव्हते आणि जे शोधत होते त्यांना आम्ही दारातच सांगत होतो की तुम्हाला ठाऊक आहे, जा.

नवं पान बायकोनं लिहिलं. समोर एखादी घाबरलेली बाई बसली आहे आणि आपण तिला चहा देत बोलतोय, असं. बेळगावच्या शाळेमुळे तिचं कानडी चोख. कानडी तिनं स्वतःच लिहिलं, इंग्रजी मुलीनं केलं. अहवालातला एकेक प्रश्न घ्यायचा आणि त्याखाली उत्तर. रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांनी आपल्या हातांनी काय काय येतं ते मांडून ठेवणं. नाही केलं तरी लग्न लागतं. सासू रागावते का, या प्रश्नाखाली तिनं लिहिलं: 'रागावत नाही. पण आठवण ठेवते.' मी म्हणालो, हे जरा काढू या. दोघी एकदम नाही म्हणाल्या.

माझ्याकडे फोटो आले. मी पूर्वी चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो तसेच्या तसे चढवले होते, आणि मोबाइलवर पान उघडायला इतका वेळ लागायचा की माणूस तोवर दुसरीकडे जाई. मी एकेक फोटो हलका केला, पालखीच्या दांडीवरची नक्षी पुसणार नाही इतपत. मुलीचा नियम होता की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थांबायचं, आकडे बघायचे, मग पुढची. माझीच मुलगी, याबद्दल मला कधी शंका नव्हती, पण त्या वाक्यानं भरून आलं.

पान चढू लागलं. पन्नाशीतून तिशीत आलं, मग विशीत. मी बसमध्ये बघायचो, कँटीनमध्ये बघायचो. शेजारच्या टेबलावरचे सहकारी क्रिकेटचा स्कोर विचारायचे आणि मी सांगायचो, एकोणीस. ज्या दिवशी आम्ही पहिल्या पानावर आलो त्या दिवशी मी रिक्षात होतो आणि मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. मोडक्या कानडीत रिक्षावाल्याला म्हणालो, आठवा नंबर आला.

"मुलीचा?" त्यानं आरशातून विचारलं.

"बायकोचा."

त्यानं थोडा विचार केला. "ह्या वयात आठवा म्हणजे चांगलंच, सर. स्वल्प अभ्यास वाढवायला सांगा, पहिल्या येतील."

घरी येऊन मी जिना दोनदोन पायऱ्यांनी चढलो. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना ते शोभत नाही. बायको दारात होती. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "आणि फोन?"

फोन आला नव्हता. पान उघडणारे वाढत होते, आम्ही पाचव्यावर आलो, तिसऱ्यावर आलो, आणि फोन येत नव्हता. मी तिसऱ्या नंबराच्या धुंदीत होतो. ती एकदा शांतपणे म्हणाली, "वाचून जातात. तुमचा तिसरा नंबर मी शाळेत दाखवू का?" तेव्हा माझे पाय जमिनीवर आले. नवरात्र जवळ आलं होतं. लग्नसराईची मागणी नोंदवणारे तेव्हाच नोंदवतात.

मुलीनं आणखी एक अहवाल काढला. लोक पान कुठवर वाचतात याचा. बहुतेक सगळे मध्यावरच थांबत होते. आमचा फोन नंबर होता अगदी तळाशी.

"नंबर वर घेऊ," मी म्हणालो. "शीर्षकाच्या खाली. ठळक."

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "पाहुणी उंबऱ्यात आली नाही तोच किंमत सांगणार का? आधी पाणी द्यायचं, मग बाकीचं."

"पाणी पिऊन बायका निघून जातायत."

"जाऊ देत. तहानलेल्या आल्या होत्या."

आईला काय पटेल ते ठाऊक असल्यामुळे तोड मुलीनंच काढली. सगळ्या जणी जिथे थांबतात तिथेच एक ओळ घालायची. म्हणजे सासूच्या प्रश्नाखाली. 'अजूनही काळजी वाटते का? मला फोन करा.' आणि नंबर. बायकोनं ते दोनदा वाचलं. "हे चालेल," ती म्हणाली. "हे पाणी हवंय का विचारल्यासारखंच आहे."

फोन आला तो खंडेनवमीच्या दिवशी, माझी सगळी मोजमापाची साधनं पाटावर फुलं वाहून ठेवलेली असताना. अनोळखी नंबर म्हणजे क्रेडिट कार्डवाले, असं आमच्या घरात समीकरण आहे, म्हणून बायकोनं तिरसटपणे उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"रुखवतच्या अक्का का?" पलीकडून कानडीत एक बाई म्हणाली.

बायको बसल्या जागेवरून उठून उभी राहिली. "हो."

"मी आनेकलहून बोलते. आमच्या मुलीचं डिसेंबरात लग्न आहे. मुलाकडचे पुण्याचे. तुम्ही लिहिलंय, सासू आठवण ठेवते. किती वर्षं ठेवते?"

"पहिलं नातवंड होईपर्यंत," बायको म्हणाली.

पलीकडे हसू फुटलं, मग मागून आणखी दोघी-तिघी हसल्या. तिकडेही स्पीकरच होता. हसणं थांबल्यावर ती बाई जरा संकोचून म्हणाली, "आमच्याकडे पूर्वी रेशमाचा माग होता. आता यजमान कारखान्यात जातात. शेतात नाचणी आहे. ह्यातलं स्वल्प काही मांडता येतं, की सगळं पुण्याचंच लागतं?"

"तुमचं काही नसेल तर ते तुमचं रुखवत कसं होईल?"

मग बायकोनं किंमत सांगितली. पूर्ण किंमत, मनात जी होती ती. मी मागे उभा राहून हातानं 'कमी, कमी' अशा खुणा केल्या. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली.

"सरी, अक्का," आनेकलनं मान्य केलं.

फोन ठेवल्यावर बायको फुलांच्या परडीजवळ खाली बसली. "तिनं विचारलंसुद्धा नाही मी कोणाची कोण," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग मुलगी हसली, मग मी. पाटावरच्या माझ्या मायक्रोमीटरला बायकोनं झेंडूचं एक जास्तीचं फूल वाहिलं.

पण शाळेला ती लगेच नाही म्हणाली नाही. "एका जेवणावर खाणावळ उघडत नाही कोणी. काम पार पडू दे."

पुढचे दोन महिने गच्चीवरच्या खोलीत मला प्रवेश मिळाला तो फक्त प्रमाण काढून देण्यापुरता. आनेकलच्या त्या घरात अडगळीला पडलेल्या मागाची मापं मी जाऊन घेतली आणि बायकोनं त्याचा वीतभर माग केला, खऱ्या रेशमाचा, धोटा इकडून तिकडे पळणारा. नाचणीच्या कणसांची मेघडंबरी केली. साखरेची बस केली, बेंगळुरू ते आनेकल पाटी लावून, कारण नवरीमुलगी त्याच बसनं कॉलेजला गेली होती आणि जागा धरता धरता नवरामुलगा तिला त्याच बसमध्ये भेटला होता.

लग्न आनेकलमधल्या एका हॉलमध्ये होतं. नवरीच्या आईनं बायकोला टेबलाजवळ उभं केलं. मराठीत समजावून सांगायचं काम तिचंच. मी खांबाआड. पुण्याच्या विहीणबाई आल्या. पैठणी, मोत्यांची नथ, चेहऱ्यावर काही नाही. नारळ पाहिले, भटजी पाहिले. मागापाशी थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. आनेकलच्या बाईंनी माझ्या बायकोचा दंड इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाजल्या.

विहीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि बायकोला टेबलाच्या कडेला घेतलं. "तुम्ही मराठी ना? बरं झालं बाई. खरं सांगू का, माझ्या लग्नात रुखवत आत्यांनी केलं, मी ते धड पाहिलंही नाही. आणि मुलीच्या आईला विचारून बसले, रुखवत करताय ना. आता मुलाकडच्यांनी बघून काय म्हणायचं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर शोधलं. एक पान आहे, फार छान लिहिलंय. सासू रागावत नाही म्हणे, पण आठवण ठेवते. तेव्हापासून मी विचार करतेय, आता आठवण ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं."

बायकोनं पदर तोंडाला लावला. खांदे हलताना मला खांबाआडूनही दिसत होते. "ते पान माझंच आहे," ती कशीबशी म्हणाली.

मग आनेकलच्या बाईंना कानडीत सांगितलं गेलं, आणि त्या नथवाल्या बाईंच्या हातावर टाळी देऊन मोकळ्या झाल्या. दोन विहिणी, दोन गावं, एकच पान. मी कोष्टकात कितीतरी क्लिक पाहिले होते, पण दोन क्लिकना एकमेकींच्या ओट्या भरताना पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. धोट्याला हात लावून तो पळवायला बायकांची रांग लागली.

जेवणाच्या आधी विहीणबाई पुन्हा बायकोला शोधत आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. "करून द्याल का? नाहीतरी आता आपलं नातंच झालं म्हणा, म्हणजे घरचंच..."

"नाही हो," बायको हसून म्हणाली. "आपली काही ओळखच नाही. किंमत पूर्ण पडेल. नंबर पानावर आहे."

विहीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "घरी पोचले की फोन करते."

पंगत बसत होती. केळीची पानं मांडून झाली होती, मीठ वाढत होते. बायको माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "शाळेचा नंबर आहे ना तुमच्याकडे? लावा." मी लावून दिला. वाढपी कोशिंबीर घेऊन पोचला तेव्हा ती बोलत होती.

"नाही, जानेवारीपासून जमणार नाही मॅडम. हो, दुसरं काम मिळालं. पुण्याचं. नाही नाही, बदली नाही, लग्न आहे." पलीकडे बहुधा अभिनंदन सुरू झालं असावं, कारण तिनं फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे पाहून डोळे पुसले आणि पुन्हा जवळ घेतला. "माझं नाही मॅडम. अनोळखी लोकांचं."